सात पाण्यांनी धुतलेला पंप

आमच्या कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या प्रत्येकाचा पहिल्या रविवारी एक गैरसमज व्हायचा. त्याला वाटायचं, कोपऱ्यावरच्या बंगल्यातले आजोबा गवताला रंग देतात.

त्यात त्याची काही चूक नसायची. सकाळी सातच्या सुमारास पाहावं तर बनियन, पायजमा, कानटोपी आणि हातात रबरी मोजे अशा थाटात एक गृहस्थ कांद्याच्या रिकाम्या गोणीवर पालथे पडलेले असत. डाव्या हाताशी शाईची जुनी दौत, उजव्या हातात चित्रकलेचा दोन नंबरचा ब्रश. गवताचं एक पान चिमटीत धरायचं, त्यावर हळुवार ब्रश फिरवायचा, मान मागे नेऊन बघायचं, शेजारी काडेपेटीतली एक काडी रोवायची आणि पोटावरच वीतभर पुढे सरकायचं.

ते गवताला रंग देत नसत. मारत असत. एकेकाला, नावानिशी.

हे भामरे नाना. नामपूरजवळच्या एका खेड्यातले, कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. नव्वदनंतर नाशिकच्या इंदिरानगर भागात प्लॉट पडले, तेव्हा त्यांनी आणि मी आगेमागेच घरं बांधली. मी घराभोवती फरशी घातली आणि मोकळा झालो. नानांनी नर्सरीतून कार्पेट गवताचे चौकोनी तुकडे आणून वीस बाय पंधरा फुटांचं लॉन केलं आणि आयुष्यभराचे अडकले. आणि मी त्यांच्या शेजारी असल्यामुळे, रविवारपुरता, मीही.

रविवार हा सुट्टीचा वार असतो, असं नोकरीला लागलो तेव्हा माझा समज होता. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सहा दिवस नटबोल्ट मोजून सातव्या दिवशी माणसाला उशिरा उठावंसं वाटतं. पण साडेसातला कुंपणापलीकडून हाक यायचीच, "ओ स्टोअर! या इकडं. गट नंबर चारमध्ये निघालाय!"

गट नंबर म्हणजे काय, हे सांगायला हवं. नोकरीतली सगळी वर्षं सातबाऱ्याच्या सावलीत गेल्यामुळे नानांनी त्या तीनशे चौरस फुटांचेही गट पाडले होते. नळाजवळचा गट नंबर एक, जास्वंदीखालचा दोन, असे सहा. चारचे तर पोटहिस्सेसुद्धा होते. आणि 'निघालाय' म्हणजे लव्हाळा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बोलता बोलता मी सहज तो कोंब उपटला. मदत करावी, एवढाच हेतू. नाना असे ओरडले, की आतून नानी पोळीचं पिठाळ लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"उपटला? हातानं उपटला?"

"एकच तर होता, नाना."

"एक होता! आता सात होतील. खाली गाठ तशीच राहिली ना त्याची! तुम्ही त्याला मारलं नाही स्टोअर, तुम्ही त्याला जागं केलं." मग त्यांनी मला खुरपं देऊन ती गाठ शोधायला लावली. वीतभर खोल गेल्यावर काळी, सुपारीच्या खांडासारखी गाठ सापडली. तिला दोरा होता, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ होती आणि माझ्या कमरेत एक उसण होती, ती पुढे मंगळवारपर्यंत टिकली.

"वर दिखस ते काहीच नही," नाना म्हणाले. "खाले शे ते गवत." भावना अनावर झाल्या की नाना अहिराणीवर येत. वर दिसतं ते काहीच नाही, खाली आहे तेच खरं, हे वाक्य मी पुढच्या दहा वर्षांत गवत, राजकारण, मूळव्याध आणि माझे साहेब अशा सगळ्या विषयांवर ऐकलं.

त्यांची रीत वेगळी होती. तणनाशक असं घ्यायचं, जे पानावाटे आत जाऊन मुळापर्यंत उतरतं. पण ते लॉनलाही मारतं, म्हणून फवारायचं नाही. लव्हाळ्याच्या पानाला फक्त ब्रशनं पाजायचं. आधी गवत कापायचं नाही, नंतर दोन दिवस पाणी द्यायचं नाही. "आपण पानाजवळ निरोप द्यायचा. खाली तो पान नेतं. पंधरा दिवस लागतात. घाई केली की निरोप बिघडतो."

आणि लव्हाळा ओळखायचा कसा? नानांनी माझ्या बोटांत एक काडी दिली. "डोळे मिटा. फिरवा. गवताची काडी गोल लागते. ही?"

खरंच ती तिधारी लागत होती. बोटांना तीन कडा कळत होत्या.

"मी सहा वर्षांचा होतो. दादानं वावरात बसवून असंच डोळे मिटायला लावून शिकवलं." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते गावी शेती करत. "दादा येणार आहे आखाजीला. त्याच्या आत गट नंबर चार निरंक झाला पाहिजे."

त्या आखाजीला दादा आले नाहीत. पुढच्याही नाहीत. दर वर्षी अक्षय तृतीयेच्या महिनाभर आधी नाना गावी एक पोस्टकार्ड टाकत आणि गोणीवर पालथे पडत. आखाजीच्या दिवशी आंब्याचा रस, पुरणपोळी सगळं होई. संध्याकाळी नाना लॉनवर एकटेच उभे राहून फाटकाकडे बघत. मग म्हणत, "कांद्याचा हंगाम ना. त्याला कुठली सवड." आम्ही मान हलवत असू. बारा महिने कांद्याचा हंगाम चालणारं ते एकमेव गाव असावं.

लव्हाळ्यानंतरचा दुसरा शत्रू हराळी. इथे मात्र नानांची गाठ थेट देवाशी पडली, कारण हराळी म्हणजेच दूर्वा. एका गणेश चतुर्थीला पहाटे कॉलनीतल्या पाचसहा बायका ताम्हनं घेऊन त्यांच्या लॉनमध्ये शिरल्या. त्यात माझी बायको पुढे. नाना बनियनवर धावत आले. "थांबा! हात लावू नका! औषध लावलंय!"

"दूर्वांना?" माझी बायको म्हणाली. "अहो नाना, वर्षाचा सण आहे. आजच्या दिवशी विष घालता?"

"आज नाही हो ताई, बुधवारीच घातलं!"

दारातून नानी शांतपणे म्हणाल्या, "गणपतीना दुश्मन मना घरमा शे. मी काय करू?"

बायका रिकाम्या ताम्हनांनी गेल्या. दुसऱ्याच दिवशी नानांनी रंगाचे दोन रिकामे डबे आणले, त्यांत माती भरून हराळी लावली आणि डबे कुंपणाच्या भिंतीवर मांडले. त्यावर ब्रशनंच लिहिलं, 'दूर्वा विभाग. औषधमुक्त.' जगातली ही एकमेव हराळी असेल, जिला नाना रोज सकाळी पाणी घालत आणि घालताना तिच्याकडे रागानं बघत.

आता पंपाबद्दल. नानांकडे फवारणीचे दोन पंप होते. एकाला हिरवा पट्टा, तो फुलझाडांसाठी. दुसऱ्याला लाल पट्टा, तो कुंपणाबाहेर माजणाऱ्या गाजर गवतासाठी. गाजर गवताचं औषध वेगळं. ते लॉनच्या गवताला काही करत नाही, पण रुंद पानाचं जे दिसेल त्याला सोडत नाही. लाल पंप वापरून झाला की नाना तो धुवायला बसत. एकदा, दोनदा, तीनदा, करत सात वेळा. दर वेळी सोड्याचं पाणी भरून खळखळवायचं, नळीतून सोडायचं, नोझल उघडून घासायचं. नळाला पाणी तासभर येणाऱ्या आमच्या कॉलनीत हा मोठा अपराध होता. लोक हसत. मी म्हटलं, "नाना, बाळंतिणीचं धुणंसुद्धा तीन पाण्यांत निघतं."

नाना हसले नाहीत. नाना ज्यावर हसत नसत अशी ती एकच गोष्ट होती, आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आलं नाही, त्याची ही कथा.

एकदा नाना गाजर गवतावर फवारून घरात आले आणि सटाण्याहून निरोप आला, की त्यांचे व्याही गेले. दोघं हातातलं टाकून निघाली. लाल पंप मागच्या खिळ्यावर तसाच राहिला. त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, 'धुणे बाकी.' तशा घाईतही चिठ्ठी.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या गुलाबांवर मावा पडला. चार झाडं होती, पण तिची त्यांच्यावर माझ्यापेक्षा माया. "अहो, तंबाखूचं पाणी उकळून ठेवलंय, नानांचा पंप आणता का?" हिरवा पंप नानांच्या घरात कुलपात. लाल पंप बाहेर. मी चिठ्ठी वाचली. आयुष्यभर लेबलं वाचून पोट भरणारा माणूस मी. विचार केला, धुणं बाकी आहे ना, मग धुऊन घेऊ. खळखळून दोनदा धुतला. दुसऱ्यांदा पाणी अगदी स्वच्छ निघालं. आणि सातचा पाढा म्हणायचं वेड काही सगळ्यांनाच नसतं.

आठ दिवसांनी नाना परत आले तेव्हा आमच्या गुलाबांची नवी पानं दोऱ्यासारखी पिळवटून निघाली होती. शेंडे माना मुरगळल्यासारखे वाकले होते. बायको मला म्हणत होती, की तंबाखू तुम्ही खाता तसलाच नासका आणला असेल.

नानांनी कुंपणावरून एकदाच पाहिलं.

"लाल पंप?"

"हो. पण नाना, मी धुतला होता."

"किती पाण्यांनी?"

"दोन."

मला वाटलं, आता लव्हाळ्याच्या वेळेसारखं ओरडतील. नाना फाटक उघडून आत आले आणि आमच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्या गुलाबाचं एक पान बोटांनी सरळ करत राहिले. ते होत नव्हतं.

"मीही दोनच पाण्यांनी धुतला होता," ते म्हणाले.

मग तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते असं. नाना नुकतेच पर्यवेक्षक झाले होते. सुट्टीत गावी गेले. दादांची द्राक्षबाग होती, गावातली पहिली. दादांनी नानांना शिकवलं, म्हणजे फी भरली आणि स्वतः शाळा सोडली, त्यातलं ते शिकवणं. नानांना वाटलं, आपण शिकलेलं भावाच्या शेतात दाखवावं. बांधावरच्या गाजर गवतावर नवं औषध मारलं. दुसऱ्या दिवशी बागेवर भुरी रोगाचं औषध मारायचं होतं. दादा म्हणाले, गड्याचा वेगळा पंप आणू का. नाना म्हणाले, कशाला, मी धुतो ना.

"सगळी बाग, स्टोअर. पानं अशी आकसली, म्हाताऱ्या माणसाच्या पंज्यासारखी. मणी धरलाच नाही. दादानं बाग उपटली आणि कांदा लावला."

"रागावले असतील."

"रागावला असता तर बरं होतं. एवढंच म्हणाला, 'तू आते सायेब शे, नाना. वावरमा पाय ठेऊ नको.' शेतात पाय ठेवू नको. लग्नकार्यात भेटतो आम्ही. बोलतो. राम राम, बरं शे ना, जेवला का. पण मी वावरात गेलो नाही आणि तो माझ्या दारी आला नाही." त्यांनी ते पान सोडून दिलं. "एकदा यावं त्यानं. बघावं. एवढी वीस बाय पंधराची जागा तरी मी नीट सांभाळली, एवढंच."

"पण सातच पाणी का?" मी विचारलं. असे प्रश्न नको तेव्हा मलाच सुचतात.

"दोन कमी पडली. किती पुरतात ते कुणी सांगितलं नाही." ते उठले. "म्हणून सात."

पोस्टकार्डं चालूच राहिली. मध्ये नानांकडे फोन आला, माझे केस गेले, नानांची कंबर गेली. लॉन होतं तसंच हिरवंगार. आणि एका वर्षी आखाजीच्या महिनाभर आधी गावाहून पुतण्याचा फोन आला. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन आखाजीच्या आठवड्यात नाशिकला ठरलं. चार दिवस राहावं लागणार. दादा म्हणतात, लॉजवर राहू.

फोन नानींच्या हातात होता. "लॉजवर?" त्या म्हणाल्या. "लॉजना दारमा मी चूल मांडसू, सांग तुना बापले." आणि फोन ठेवला.

त्या महिन्यात आम्ही थकलो, तसे कधी थकलो नव्हतो. नानांना पालथं पडता येईना, म्हणून गोणीवर मी. नाना वर खुर्चीत बसून नकाशा वाचावा तसे सूचना देत. "गट तीन, पोटहिस्सा ब, जरा डावीकडं. ते नव्हे हो, ती तुमची सावली आहे." माझी बायको कुंपणावरून म्हणायची, "घरात कधी एवढं वाकला नाहीत." काड्यांच्या तीन पेट्या संपल्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी सहाही गट गुडघ्यांवर फिरून पाहिले. नाना म्हणाले, "अहवाल?"

"निरंक," मी म्हटलं.

"खात्री?"

"लिहून देतो." कंबर अशी दुखत होती, की मी काहीही लिहून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्यानं जीपमधून दादांना थेट दवाखान्यातून आणलं. उंच, वाळलेला देह, पांढरी टोपी, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात पांढरट धुकं. फाटकाशी नाना उभे. त्यांनी मनगटाला धरून दादांना आत घेतलं आणि तेव्हाच आम्हा दोघांच्याही एकदम लक्षात आलं. दहा वर्षं ज्यांच्यासाठी हे लॉन राखलं, त्यांना ते दिसणारच नव्हतं. महिनाभर आम्ही डोळ्यांबद्दलच बोलत होतो, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"दादा, हे लॉन शे," नाना म्हणाले. आवाज साहेबापुढे उभ्या असलेल्या कारकुनासारखा.

दादांनी वहाणा काढल्या. अनवाणी दोन पावलं चालले. पायांची बोटं गवतात रुतवून थोडा वेळ थांबले. मग पुतण्याच्या खांद्याला धरून, मान न वाकवता, सावकाश खाली बसले आणि हात गवतावरून फिरवू लागले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मऊ शे," ते म्हणाले.

नाना उभेच. मीही उभा. हात फिरत फिरत गट नंबर चारमध्ये आला आणि थांबला. दादांनी चिमटीत काहीतरी धरलं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये हळूहळू फिरवलं. एकदा, दोनदा.

"नाना."

"हां, दादा."

"तीन धार शेत."

तीन धारा आहेत. मी डोळे मिटून घेतले. माझा निरंक.

"लव्हाळा शे तुना गवतमा," दादा म्हणाले. दादांनी काडी धरूनच ठेवली होती. जरा वेळानं म्हणाले, "पंप कितला पानीमा धोस आते?"

आता किती पाण्यांनी पंप धुतोस. 'आता'वर त्यांनी जोर दिला नव्हता. पण तो शब्द होता तिथं.

"सात," नाना म्हणाले.

"सात?" दादांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग ते चक्क हसायला लागले. पुतण्या घाबरला, "आबा, हसू नका, टाका आहे!" पण दादा हसतच होते. "सात! नाशिकमा पानी गंज दिखस!" नाशिकात पाणी बक्कळ दिसतं म्हणे. आणि हसता हसता त्यांनी तो लव्हाळा टचकन उपटला. हातानं. गाठ खालीच राहिली, हे तिथं असलेल्या प्रत्येकाला कळलं.

मी नानांकडे पाहिलं. दादांनी पुढे केलेली काडी त्यांनी घेतली आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली.

"उभा काय ऱ्हायना?" दादा बाजूची जागा थोपटत म्हणाले. "बठ."

नाना बसले. नानी आतून चहा घेऊन आल्या आणि दोघांकडे बघून तो परत आत नेला. थोड्या वेळानं आणते म्हणाल्या.

चार दिवसांनी दादा गेले. जाताना पुतण्याला म्हणाले, की कांदा आवरला की नानाला एकदा वावरात घेऊन ये, बांध दाखवायचे आहेत.

पुढच्या पंधरवड्यात गट नंबर चारमध्ये, बरोबर त्याच जागी, कोंब आले. मी मोजले. सात नव्हते, तीन होते. पण नानांची शेती आणि नानांचं गणित वेगळं. रविवारी साडेसात वाजले, आठ वाजले, हाक आली नाही. इतक्या वर्षांनी सुट्टी मिळाली, तर मला झोप लागेना. शेवटी मीच कुंपणाशी गेलो. नाना खुर्ची टाकून बसले होते. गोणी घडी करून ठेवलेली, दौतीला बूच.

"नाना, चारमध्ये निघालाय."

"पाहिला."

"मग ब्रश देता? मी पडतो पालथा."

नानांनी त्या तीन कोंबांकडे पाहिलं. मी बघितलं, त्यांच्याभोवती काड्यांचं छोटंसं कुंपण घातलेलं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "दादाचा दुसरा डोळा राहिलाय अजून."